बियाण्यातील न दिसणारे कुंपण

पेरणी होऊन नऊ दिवस झाले होते. पाऊस वेळेवर व पुरेसा पडला होता, जमिनीस वापसा उत्तम होता आणि शेजारच्या रानात सोयाबीनच्या ओळी दुरूनही हिरव्या दिसू लागल्या होत्या. परंतु ज्या तीन एकरांच्या तुकड्यात मी उभा होतो, तेथे काकरीत हातभर अंतरावर एखाददुसरे रोप आणि मधली सारी जमीन रिकामी, असा देखावा होता. रानाची मालकीण एक प्रौढ विधवा बाई. पेरणीपूर्वी पंधरा दिवस त्या पदराच्या टोकास घरचे बी बांधून मजकडे आल्या होत्या. बी टपोरे, पिवळेधमक व स्वच्छ होते. त्यास किडीचा उपद्रव नव्हता. मी ते तळहातावर घेऊन पाहिले आणि सांगितले, "मावशी, बी चांगले आहे. खुशाल पेरा."

त्या दिवशी बांधावर त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, बी तुमीच बघितलं व्हतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तथापि दहा वर्षे लोटली तरी ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. कृषि महाविद्यालयाची पदवी पदरी होती, आणि बी पाहून ओळखता येते असा माझा समज होता.

काकरी उकरून मी काही दाणे वर काढले. ते कोरडे राहिले नव्हते; पाणी त्यांस पुरेपूर पोहोचले होते. ते फुगले होते, परंतु मोड न फुटता मऊ पडले होते. बोटांत धरून दाबताच त्यांचा लगदा होई. वरून पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरले होते आणि आंबूस वास येत होता. ज्या पाण्याने शेजारच्या रानातील दाण्यास जीवन दिले, त्याच पाण्याने या दाण्याचा नाश केला. असे का व्हावे? दाण्यात असे काय मोडले होते, की जे डोळ्यांस दिसले नाही?

या प्रश्नाचे उत्तर पेशीपटल या अत्यंत सूक्ष्म पडद्यात सापडते. विषय शास्त्रीय आहे, परंतु त्याचा संबंध बियाण्याशी, खताशी, पाण्याशी आणि थंडीशी रोजचा आहे. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी तो समजून घेणे हितावह ठरेल.

पेशी : सजीवाची वीट

घर जसे विटांचे, तसे प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला. त्यात त्यास मधमाशीच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. त्या कप्प्यांस त्याने जे नाव दिले, त्यासच आज आपण मराठीत पेशी म्हणतो. कांद्याच्या पाकळीवरील पातळ पापुद्रा शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास असेच विटांसारखे रचलेले कप्पे कोणासही पाहता येतात. ज्या गावातील शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तेथे कार्यकर्त्यांनी शिक्षकांच्या साहाय्याने हा प्रयोग शेतकऱ्यांस अवश्य दाखवावा.

हूकने पाहिले ते पेशींचे रिकामे सांगाडे होते. जिवंत पेशीत मात्र जीवनव्यापार अखंड चालू असतो. तिच्यात पातळ रस असतो, वंशाची सर्व माहिती जतन करणारे केंद्रक असते, आणि पाणी, क्षार व शर्करा यांचा साठा करणारी मोठी रिक्तिका असते. हा सारा संसार बाहेरच्या जगापासून वेगळा राखणे हे पेशीपटलाचे पहिले काम होय.

गावकूस आणि वेस

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वनस्पतीच्या पेशीस दोन आवरणे असतात. बाहेरची पेशीभित्तिका जाड, ताठ व तंतुमय असते. कापसाचा धागा म्हणजे मुख्यत्वे अशा भित्तिकेचाच पदार्थ होय. ही भित्तिका पेशीस आकार व बळकटी देते; परंतु पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार तिच्यातून सहज ये-जा करतात. तिच्या आतल्या बाजूस चिकटून असलेला नाजूक पडदा म्हणजे पेशीपटल.

जुन्या काळच्या गावाचा दाखला घेतल्यास हा भेद चटकन समजेल. भोवतालचे गावकूस गावास आकार देई. परंतु कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास बाहेर ठेवावयाचे, हे वेशीवरचा पहारेकरी ठरवीत असे. भित्तिका हे गावकूस होय, तर पटल हे वेशीसह पहारेकरी होय. गावकूस चार ठिकाणी ढासळले तरी गाव जगते. पहारा उठला, की गाव लुटले जाते.

दुहेरी थराची रचना

स्वयंपाकघरात पाण्यावर तेलाचा थेंब टाकला असता तो पाण्यात मिसळत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पटलाची रचना याच गुणावर उभी आहे. त्याचा मुख्य घटक म्हणजे स्फुरदयुक्त स्निग्ध द्रव्य. शास्त्रज्ञ त्यास फॉस्फोलिपिड म्हणतात. त्याच्या प्रत्येक कणास एक डोके व दोन शेपट्या असतात. डोक्यात स्फुरद असते व त्यास पाणी प्रिय असते. शेपट्या तेलासारख्या असल्याने पाण्यापासून दूर पळतात. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी. अशा वेळी हे कण आपोआप दोन थरांत उभे राहतात: डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे व शेपट्या मध्ये एकमेकींकडे. स्फुरदाचे खत पिकास का हवे, याच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण होय. पिकाच्या प्रत्येक पेशीच्या कुंपणात स्फुरद बसविलेले असते.

ही दुहेरी रचना शोधण्याचे श्रेय गोर्टर व ग्रेंडेल या दोन डच संशोधकांस दिले जाते. १९२५ साली त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींतील स्निग्ध द्रव्य काढून पाण्याच्या पृष्ठावर पसरले. त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पटल दोन थरांचे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९७२ साली सिंगर व निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पटलाचे जे चित्र मांडले, ते अधिक भर पडून आजही स्वीकारले जाते. त्यांच्या मते पटल हा ताठ पत्रा नसून पातळ तेलाच्या थरासारखा वाहता पडदा आहे आणि त्यात निरनिराळ्या प्रथिनांचे कण तरंगत असतात. स्निग्ध थर अडवण्याचे काम करतो. प्रथिने दारे, पंप व निरोप घेणारी कडी यांची कामे करतात.

या पडद्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही कमी असते. वहीच्या एका कागदाच्या जाडीत असे दहा हजारांहून अधिक पडदे एकावर एक मावतील. एवढ्या पातळ पडद्यावर जीव आणि मृत्यू यांमधील सीमा उभी आहे.

तूप आणि तेल

हिवाळ्यात तूप थिजते, परंतु करडईचे तेल वाहते राहते. दोन्ही स्निग्ध पदार्थच. भेद त्यांतील मेदाम्लांचा आहे. पटलातील शेपट्याही अशाच दोन प्रकारच्या असतात. काही तुपासारख्या लवकर गोठणाऱ्या, तर काही तेलासारख्या वाहत्या राहणाऱ्या. गहू, हरभरा यांसारखी रब्बी पिके थंडी वाढू लागताच आपल्या पटलांत वाहत्या प्रकारच्या मेदाम्लांचे प्रमाण वाढवितात. म्हणून त्यांस थंडी मानवते.

केळीस ही सोय फारशी नाही, कारण ते मूळचे उष्ण प्रदेशातील पीक आहे. कडाक्याच्या थंडीत तिची पटले ताठरतात, त्यांतून रस पाझरू लागतो व पेशींचे व्यवहार विस्कळित होतात. जळगावकडील केळी बागायतदार थंडीच्या ज्या विकारास चरका म्हणतात, त्याच्या मुळाशी थंडीने पेशींस होणारी अशीच इजा असते. पिकलेले केळे फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याची साल काळी पडते, हा अनुभव घरोघरी आहे. पटले फुटल्याने सालीतील एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्ये एकत्र येतात आणि तो काळा रंग उत्पन्न होतो. याच कारणाने केळीचे घड साधारणतः १३ अंश सेल्सिअसच्या खाली साठवीत नाहीत.

दारे, पंप आणि कडी

पाणी हा स्निग्ध पडदा थोड्या प्रमाणात ओलांडू शकते, परंतु त्याच्या वेगवान वाहतुकीसाठी पटलात प्रथिनांची खास दारे असतात. ही दारे शोधून काढल्याबद्दल अमेरिकेतील पीटर अॅग्रे यांस २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. दुसरा अर्धा क्षारकणांच्या दारांची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांस मिळाला. मुळांच्या पेशींतही अशी पाण्याची दारे असून पीक गरजेनुसार ती उघडझाप करते.

अन्नद्रव्यांचे मात्र निराळे आहे. पिकाच्या पेशीत पालाशाचे प्रमाण मातीतील पाण्याच्या मानाने कितीतरी पट अधिक असते. तरीही मूळ मातीतून आणखी पालाश आत घेते. चढावर पाणी नेण्यास जशी मोट व बैलांचे श्रम लागतात, तद्वत या कामी शक्ती खर्ची पडते. मुळाच्या पटलातील पंप शक्ती वापरून हायड्रोजनचे भारित कण बाहेर टाकतात. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत विजेच्या भाराचा फरक उत्पन्न होतो आणि त्या जोरावर पालाश, नत्र इत्यादी अन्नद्रव्ये निरनिराळ्या दारांनी आत ओढली जातात.

ही शक्ती मुळास श्वसनातून मिळते व श्वसनास हवा लागते. काळ्या जमिनीत पाणी तुंबले, की मातीतील हवा निघून जाते, श्वसन मंदावते आणि पंप थांबतात. खत जमिनीत असूनही सोयाबीन व तूर पिवळी पडतात, त्याचे एक मोठे कारण हेच होय. अशा वेळी आणखी खत टाकणे म्हणजे बैल बसलेला असताना विहिरीत पाणी वाढविण्यासारखे आहे. प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवावे. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी केल्यास हा प्रसंग बहुतांशी टळतो.

पटलावरील कड्यांचे एक उदाहरण कापूस उत्पादकांच्या परिचयाचे आहे. भारतात २००२ साली लागवडीस मान्यता मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचे प्रथिन तयार होते. बोंडअळीने पान अथवा बोंड खाल्ले, की ते प्रथिन तिच्या आतड्यातील पेशींच्या पटलावरील ठराविक कड्यांस जाऊन चिकटते व पटलास छिद्रे पाडते. पेशी फुटतात, अळी खाणे सोडते व मरते. माणसाच्या व गुरांच्या आतड्यात तशी कडी नसतात. परंतु गुलाबी बोंडअळीने पुढे या प्रथिनास दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाची मोठी हानी झाली. प्रतिकारक्षम अळ्यांच्या अभ्यासात त्यांच्या आतड्यातील कड्यांची घडण बदललेली आढळली आहे. कुलूप बदलले, की जुनी किल्ली निरुपयोगी ठरते.

पाणी कोणत्या दिशेस जाते

लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीस मीठ लावून ठेवले, की काही वेळाने तिला पाणी सुटते. उलटपक्षी मनुका पाण्यात टाकल्या, की त्या फुगतात. या दोन्ही क्रियांमागे एकच नियम आहे: पटलाच्या ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूकडे पाणी जाते. यास परासरण असे म्हणतात.

युरिया वा मिश्रखत बियाण्यास लागून पडले, तर त्या ठिकाणच्या ओलीत क्षारांचे प्रमाण एकदम वाढते आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. पेशीचा रस आक्रसून भित्तिकेपासून सुटतो आणि कोवळा कोंब कोमेजतो. म्हणून खत बियाण्याच्या बाजूस व त्याहून काही खाली पडेल, अशी योजना पेरणीयंत्रात असावी. फवारणीसाठी युरियाचे द्रावण २ टक्क्यांचे, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम असावे, असे सांगितले जाते, तेही याच कारणास्तव. तीव्र द्रावणाने पाने करपतात. खारवट विहिरीच्या पाण्यावर पिके ओलीतही सुकलेली का दिसतात, याचा उलगडाही येथेच होतो.

सुके बी आणि पहिला पाऊस

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

बी वाळते तेव्हा त्यातील पटले पाण्याअभावी आक्रसतात व त्यांची शिस्तीची मांडणी ढळते. बी जिवंत असते, पण निजलेले असते. पेरणीनंतर ओल मिळताच पाणी आत शिरते. त्या पहिल्या घटकांत पटले पुरती सावरलेली नसल्याने पेशींतील शर्करा, अमिनो आम्ले व पालाश यांचा काही अंश बाहेर पाझरतो. हे निरोगी बियाण्यातही घडते. परंतु निरोगी बियाण्यातील पटले लवकरच पुन्हा सांधली जातात, पाझर थांबतो आणि मोड येण्याच्या कामास प्रारंभ होतो.

बियाण्याची पटले आधीच जीर्ण झालेली असल्यास ती सांधली जात नाहीत. पाझर चालूच राहतो. गर्भाच्या वाट्याचा शिधा मातीत वाहून जातो, आणि तो शिधा मातीतील बुरशीस आयते आमंत्रण ठरतो. मी काकरीतून काढलेले लिबलिबीत, बुरशीने वेढलेले दाणे ही याच घटनेची अखेर होती. बुरशीने बी मारले असे वरवर दिसते. वस्तुतः कुंपण आधीच मोडलेले होते.

सोयाबीनच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, आणि त्यास तीन कारणे आहेत. पहिले असे, की सोयाबीनच्या दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल असते व त्यातील बहुतांश मेदाम्ले हवेतील प्राणवायूशी सहज संयोग पावणारी असतात. जुने खोबरे किंवा शेंगदाणे खवट होतात, तीच क्रिया उष्ण व दमट जागेत ठेवलेल्या बियाण्याच्या पटलांतही हळूहळू चालते. दुसरे, दाण्याचे साल फार पातळ असते आणि गर्भाचा अंकुर सालीखाली अगदी उघड्यावर असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त असला किंवा पोती उंचावरून आपटली, तर सालीस डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. भेगांतून पाणी एकदम आत घुसते आणि सावरण्यास अवधी न मिळाल्याने पटले फाटतात. तिसरे, काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर शेंगेतील दाणा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि अशा प्रत्येक फेऱ्यात पटलांचे बळ घटते.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्याच्या बऱ्याच भागांत काढणीच्या वेळीच अवकाळी पाऊस झाला. त्यानंतर २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या व दुबार पेरणीचा बोजा अनेक कुटुंबांवर पडला. प्रत्येक ठिकाणचे कारण एकच होते, असे म्हणता येणार नाही. कोठे पेरणी खोल झाली, कोठे पुरेशी ओल नव्हती. तथापि, पावसात सापडलेल्या पिकाचे बी पुढील वर्षी दगा देऊ शकते, हा धडा सर्वांनी मनात बाळगावा असाच आहे.

घरच्या घरी दोन प्रयोग

पहिला प्रयोग बीटाचा. बीटाचा तांबडा रंग पेशीतील रिक्तिकेत पटलाआड कोंडलेला असतो. बीटाचे सारखे तुकडे करून ते वाहत्या पाण्याखाली चांगले धुवावे. काही तुकडे थंड पाण्याच्या पेल्यात व काही कढत पाण्याच्या पेल्यात टाकावे. थंड पाण्यात रंग क्वचितच उतरतो. कढत पाणी मात्र पाहता पाहता लाल होते. उष्णतेने पटले मोडली आणि कोंडलेला रंग बाहेर पडला. बीट तेच, भित्तिकाही जागच्या जागी. गेले ते फक्त पटल.

दुसरा प्रयोग सोयाबीनचा. खात्रीच्या चांगल्या बियाण्याचे २५ दाणे एका काचेच्या पेल्यात व जुन्या, दमट जागी राहिलेल्या बियाण्याचे २५ दाणे दुसऱ्या पेल्यात घ्यावे. दोन्हींत उकळून थंड केलेले सारखेच पाणी ओतून रात्रभर ठेवावे. खराब बियाण्याचे पाणी बहुधा अधिक पिवळट व गढूळ झालेले दिसेल. बीजपरीक्षण प्रयोगशाळांत याच तत्त्वावर बी २४ तास पाण्यात ठेवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. पाझर जितका अधिक, तितकी वाहकता अधिक आणि बियाण्याचा जोम तितका कमी. ग्रामसभेत वा शेतीशाळेत हे दोन पेले शेजारी ठेवल्यास लांब व्याख्यानाचे काम उरत नाही. मात्र हा प्रयोग तत्त्व समजण्यापुरताच आहे. पेरणीचा निर्णय पुढील परीक्षेवरच घ्यावा.

शंभर दाण्यांची परीक्षा

ही परीक्षा पेरणीपूर्वी किमान पंधरा दिवस करावी. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून व तळातून मूठमूठ बी घेऊन ते एकत्र मिसळावे व न निवडता १०० दाणे मोजावे. चांगले दाणे वेचून घेतल्यास ती स्वतःचीच फसवणूक ठरेल. धुतलेले गोणपाट ओले करून पसरावे व त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी अंतराने मांडाव्या. वर दुसरे ओले गोणपाट ठेवून हलक्या हाताने गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. पाणी शिंपडून ओल राखावी, परंतु पाणी साचू देऊ नये. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून सरळ, निरोगी मोड आलेले दाणे मोजावे. वाकडे, तुटके अथवा कुजके मोड जमेस धरू नयेत. शक्य तर अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढावी.

७० अथवा त्याहून अधिक दाणे उगवल्यास बी पेरणीयोग्य समजावे व एकरी ३० किलो वापरावे. उगवण त्याहून थोडी कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे. उदाहरणार्थ, ६० दाणे उगवल्यास एकरी ३५ किलो बी लागेल. उगवण त्याहूनही कमी असल्यास ते बी पेरण्याचा मोह टाळावा, कारण जे थोडे दाणे उगवतात त्यांचा जोमही कमीच असतो.

यासोबत पुढील गोष्टी पाळाव्या.

१. सोयाबीन स्वपरागित असल्याने शुद्ध सरळ वाणाचे बी घरी राखून दोन-तीन वर्षे वापरता येते. बियाण्यासाठी राखावयाचे पीक काढणीच्या पावसात सापडले नसावे. त्याची मळणी वेगळी करावी.

२. मळणीयंत्राच्या ढोलाचे फेरे मिनिटास ४०० हून अधिक ठेवू नयेत.

३. बी १२ टक्के ओलाव्याच्या आत येईपर्यंत वाळवून मगच साठवावे. ज्यातून हवा खेळत नाही अशा प्लॅस्टिकच्या पोत्यांऐवजी तागाची पोती वापरावी.

४. पोती जमिनीवर वा भिंतीस लागून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावी. थप्पी चार-पाच पोत्यांहून उंच रचू नये, आणि पोती टाकताना आदळू नयेत.

५. भात वा अन्य काही बियाण्यांप्रमाणे सोयाबीनचे बी पेरणीपूर्वी पाण्यात भिजत घालू नये. पाणी एकदम शिरल्याने त्याची पटले फाटतात. जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करतानाही द्रावण बेताचे वापरावे, बी हलक्या हाताने चोळावे व सावलीत सुकवून लगेच पेरावे.

६. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर पेरणी करावी. बी ३ ते ४ सेंटिमीटरहून खोल पडू देऊ नये.

अखेरचे दोन शब्द

त्या वर्षी मावशींनी दुबार पेरणी केली. त्यासाठी बी विकत घ्यावे लागले, हंगाम तीन आठवडे मागे पडला व उत्पन्नही बेताचेच आले. माझ्या एका बेफिकीर वाक्याची किंमत त्यांनी मोजली. मी चुकलो, हे मी त्यांना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. त्या म्हणाल्या, "चुकलं ते चुकलं. आता फुडं कसं वळखायचं, तेवढं सांगा."

पुढील मे महिन्यात त्यांच्याच ओसरीवर आम्ही गोणपाटाची गुंडाळी केली. सातव्या दिवशी ती उलगडली, तेव्हा शेजारपाजारच्या बायामाणसांनी घर भरले होते. त्यांच्या धाकट्या नातवाने मोड मोजले. एका पोत्यातील बियाण्याचे ८४ दाणे उगवले होते, दुसऱ्यातील ४१. दोन्ही पोती एकाच रानातील, दिसावयास दोन्ही सारखीच टपोरी व पिवळी. दुसरे पोते न्हाणीच्या भिंतीस लागून ठेवलेले होते, एवढाच काय तो फरक. मावशींनी ते पोते त्याच दिवशी विक्रीच्या धान्यात ओतले.

तेव्हापासून बी पाहून मत देण्याचे मी सोडून दिले आहे. कोणी पदरात वा रुमालात बांधून बी आणले, तर मी ते हाती घेऊन त्यांस गोणपाटाची कृती सांगतो, आणि सात दिवसांनी मोड मोजण्यास शक्य तेथे स्वतः जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही हाच परिपाठ ठेवावा, अशी माझी त्यांस विनंती आहे. पेशीपटल आपल्या डोळ्यांस कधीच दिसणार नाही. परंतु एक गोणपाट, शंभर दाणे व सात दिवस एवढ्या सामग्रीवर त्याची खुशाली कोणत्याही शेतकऱ्यास आपल्या ओसरीवर विचारता येते. मृगाच्या आधी ती विचारावी. नंतर विचारून उपयोग नसतो.